मुलाची साक्ष

प्रत्येक घर हें एक लहानसें न्यायालय असतें. त्यांत आईबाप हेच फिर्यादी, तेच पंच आणि तेच न्यायाधीश असतात; आणि ज्याच्याविषयीं निकाल द्यावयाचा तें मूल बहुधा आरोपीच्या जागीं उभें असतें. दुधाचा पेला कोणीं लवंडला, भिंतीवर रेघोट्या कोणीं ओढल्या, एवढ्यापुरता ह्या न्यायालयाचा कारभार चालतो तोंवर त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु एका प्रकारच्या खटल्यांत तें आपली मर्यादा ओलांडतें, असें आम्हांस वाटतें. तो खटला म्हणजे मुलानें स्वतःच्या शरीराविषयीं दिलेल्या साक्षीचा. "माझा पाय चालत नाहीं" असें मूल म्हणतें. आपण तर तो पाय चार तासांपूर्वीं धांवतांना पाहिलेला असतो. अशा वेळीं त्याचें म्हणणें खोटें ठरविण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोंचतो, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक खराखुरा रोगच उदाहरणादाखल घेऊं. सहासात वर्षांची एक मुलगी वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. बोलणें वेळेवर, चालणें वेळेवर, बुद्धि चांगली. पुढें केव्हांतरी तिचें एक पाऊल आंत वळूं लागतें, टांच भुईला टेकत नाहीं, आणि ती चवड्यावर चालूं लागते. सकाळीं उठते तेव्हां मात्र ह्यांतलें जवळजवळ कांहीं नसतें. आंघोळ करून, वेणी घालून, दप्तर पाठीवर टाकून ती शाळेंत जाते ती इतर मुलींसारखीच उड्या मारीत. मधल्या सुटीपर्यंत बरें चालतें. परतीच्या वाटेवर पाय ओढूं लागतो. दिवेलागणीच्या सुमारास तो लांकडासारखा ताठ होतो, आणि जिना चढतांना ती कठड्याला लोंबकळते. रात्रीं झोंप झाली, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां पाय मोकळा.

आतां ह्या वस्तुस्थितीचा अर्थ घरांत कसा लागतो तें पाहावें. शाळेला पळतांना पाय दुखत नाहीं, आणि संध्याकाळीं अभ्यासाला बसावयाचें म्हटलें, कीं ही पांगळी होते! आजीच्या मतें हा लाडावून ठेवल्याचा परिणाम. आत्याच्या मतें धाकटा भाऊ झाल्यापासून हें नाटक सुरू झालें. शाळेंतल्या बाई कळवितात, कीं मुलगी कवायतींत अंग चोरते. शेवटीं बाप रजा काढून तिला डॉक्टरांकडे नेतो, आणि डॉक्टरांची वेळ असते सकाळीं दहाची! मुलगी त्यांच्यापुढें या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नीट चालून दाखविते. मेंदूचें चित्र काढवावें तर तेंहि निर्दोष निघतें. कारण ह्या रोगांत मेंदूच्या बांधणींत बिघाड नसतोच. ज्या वैद्यांना पायाचा ताठपणा दिसतो ते त्याला 'सेरेब्रल पाल्सी', म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेली कायमची इजा, असें नांव देतात, आणि एकदां तें नांव पडलें, कीं शोधच थांबतो. ज्यांना कांहींच दिसत नाहीं ते 'मनाचें आहे' म्हणून सोडून देतात. दोन्हीं उत्तरें चुकीचीं असतात.

मासाया सेगावा ह्या जपानी बालमज्जारोगतज्ज्ञानें १९७१ सालीं नात्यानें बहिणी असलेल्या दोन मुलींची हकीकत प्रसिद्ध केली. दिवस चढत जाईल तसतशी वाढणारी आणि निद्रेनें उतरणारी अशी ही आनुवंशिक व्याधि आहे, हें त्यानें ओळखलें. म्हणून तिला सेगावाचा रोग म्हणतात. ती दुर्मिळ आहे. दहा लाख माणसांत एखादा, असें तिचें प्रमाण ढोबळपणें धरतात. पण तिच्यासाठीं एक अगदीं साधें औषध आहे, आणि तें थोड्या मात्रेंत दिलें असतां कित्येक मुलें थोड्याच दिवसांत इतरांसारखीं चालूं लागतात. ज्या रोगावर उपायच नाहीं तो ओळखण्यास विलंब लागला तर आपण दैवाला बोल लावूं शकतों. येथें ती सोय नाहीं. रोग सुरू झाल्यापासून त्याचें खरें नांव कळेपर्यंत सरासरीनें दहा वर्षांहून अधिक काळ जातो, असें पाहणी करणाऱ्यांना आढळून आलें आहे. दहा वर्षें म्हणजे जवळजवळ सगळें बालपण.

हा विलंब केवळ अज्ञानामुळें होतो असें म्हणून आम्हांला समाधान वाटत नाहीं. इतका विरळा रोग प्रत्येक वैद्याला ठाऊक असावा ही अपेक्षाच गैर आहे, मग आईबापांची गोष्ट दूरच. ठाऊक नसणें हा दोष नव्हे. दोष पुढल्या पायरीवर घडतो. 'हें आम्हांला कळत नाहीं' ह्या वाक्यावरून 'हें खरें नाहीं' ह्या वाक्यावर आपण उडी मारतों, आणि तेथून 'हें मूल खोटें आहे' येथवर जाण्यास तर उडीहि लागत नाहीं.

ह्या उडीच्या मुळाशीं एक समजूत आहे: जें खरें तें सदैव सारखें असतें, आणि जें घडीघडीला बदलतें तें बनावट. साक्षीदार सकाळीं एक आणि संध्याकाळीं दुसरें सांगूं लागला तर न्यायाधीश त्याला खोटा मानतो; मग पायानें तसें केलें तर त्याला खरा कां मानावें? आमच्याकडील नैयायिकांनीं प्रत्यक्ष ज्ञानाचें लक्षण करतांना तें अव्यभिचारी, म्हणजे वस्तूला सोडून भलतीकडे न जाणारें, असावें अशी अट घातली आहे. परंतु ही अट ज्ञानाला आहे, वस्तूला नाहीं. वस्तूच बदलली तर तिचें ज्ञानहि बदललेंच पाहिजे. न बदलेल तर तेंच ज्ञान व्यभिचारी ठरेल. सकाळीं 'पाय चांगला आहे' आणि संध्याकाळीं 'पाय चालत नाहीं' असें सांगणारी मुलगी ह्या अटीला तंतोतंत उतरते. अटीला उतरत नाहीं तो तिचा बाप. कारण सकाळीं पाहिलेल्या पायाचें ज्ञान तो संध्याकाळच्या पायावर लादीत असतो.

आणि बदलत्या रोगाची आपल्याला ओळख नाहीं असेंहि नाहीं. एक दिवसाआड येणारा हिवताप आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. काल संध्याकाळीं दांत वाजवीत चार घोंगड्यांखालीं पडलेला गडी आज औतामागें चालतांना पाहून कोणी त्याला सोंगाड्या म्हणत नाहीं. उद्यां पाळी आहे, एवढेंच म्हणतात. दमेकरी मध्यरात्रीं उठून बसतो आणि सकाळीं बाजारांत जातो, तेंहि आपण मान्य करतों. फरक एवढाच, कीं हिवतापाची आपणांस परंपरेनें ओळख आहे आणि तो बहुतांशीं प्रौढांच्या तोंडून ऐकलेला आहे. मुलाच्या नव्या आणि अनोळखी दुखण्याला ही सवलत मिळत नाहीं.

संध्याकाळींच पाय कां बिघडावा ह्याचेंहि कारण आतां कळलें आहे, आणि तें इतकें उघड आहे, कीं आडगांवच्या माणसालाहि पटावें. आपल्या हालचाली सुरळीत चालण्यास मेंदूंत डोपामीन नांवाचें एक द्रव्य लागतें. तें तयार होतांना एका सहायक द्रव्याची गरज असते, आणि तें सहायक द्रव्य बनविण्याच्या पहिल्याच पायरीवर ज्या जनुकाची सत्ता चालते त्यांत ह्या मुलांच्या बाबतींत दोष असतो. चौदाव्या गुणसूत्रावरचें हें जनुक जपानांतील संशोधकांनीं १९९४ सालीं शोधून काढलें. दोष असला तरी पुरवठा अगदींच बंद पडलेला नसतो. वैशाखांतल्या विहिरीसारखी ही स्थिति आहे. झरा बारीक झालेला. रात्रभर पाझरून पहाटे कमरेइतकें पाणी सांचतें, सकाळच्या घागरी भरून निघतात, दुपारीं पोहरा तळाला लागूं लागतो आणि तिन्हीसांजेला नुसता गाळ वर येतो. पहाटे आलेली बाई म्हणेल विहिरीला पाणी आहे, सांजवेळीं आलेली म्हणेल नाहीं, आणि दोघीहि खरें बोलत असतील. (सर्वच रोग्यांत हा चढउतार इतका ठळक नसतो, आणि वय वाढेल तसा तो पुसट होत जातो, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.) विहीर ढांसळलेली मात्र नसते, मेंदूच्या पेशी जिवंत आणि शाबूत असतात. म्हणूनच कित्येक वर्षांनीं उपचार मिळाला तरी गुण येतो.

उपचार म्हणजे लेव्होडोपा. कंपवातावर तो मोठ्या मात्रेंत उपयोगी पडतो हें जॉर्ज कोटझियास ह्यानें अमेरिकेंत १९६७ सालीं दाखविलें; सेगावाच्या रोग्यांना त्याहून पुष्कळच थोडा पुरतो. हेंच द्रव्य आपल्या रानांतल्या खाजकुयलीच्या बियांत असतें, आणि दामोदरन् व रामस्वामी ह्या दोन भारतीय रसायनज्ञांनीं तें त्या बियांतून १९३७ सालीं वेगळें काढलें होतें. आयुर्वेदांत हीच वनस्पति कपिकच्छू. ह्यावरून आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें अशी आरोळी ठोकणारे ठोकतील. आम्हांला मात्र एवढेंच दिसतें, कीं औषध कुंपणावर लोंबत असतांहि रोगाकडे नीट पाहणारा डोळा मिळेपर्यंत त्याचा ह्या मुलांना उपयोग झाला नाहीं. (आणि कोणी ह्या बिया कुटून मुलाला देऊं नयेत, हें सांगणेंहि अवश्य आहे.)

वैद्यशास्त्राचा इतिहासहि घरच्या न्यायालयाहून फार निराळा नाहीं. स्नायूंच्या ह्या विचित्र पिळाला 'डिस्टोनिया' हें नांव हेर्मान ओपेनहाइम ह्या जर्मन पंडितानें १९११ सालीं दिलें, आणि हा शरीराचा रोग आहे असें बजावून सांगितलें. त्याच्या तीनच वर्षें आधीं, १९०८ सालीं, बर्लिनच्या श्वाल्बे नांवाच्या तरुण वैद्यानें एकाच कुटुंबांतील भावंडांत दिसलेला असाच एक विकार आपल्या प्रबंधांत वर्णिला, तेव्हां मथळ्यांतच 'हिस्टेरियाच्या लक्षणांसह' असे शब्द घातले होते. त्यानंतरहि अनेक वर्षें डिस्टोनियाचे रोगी मनोविकाराच्या खात्यावर टाकले जात राहिले. कारणहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हा पीळ एका विशिष्ट हालचालीच्या वेळीं येतो आणि दुसऱ्या हालचालीच्या वेळीं जातो. कांहीं रोग्यांना पुढें चालतां येत नाहीं, पण उलट चालतां येतें. असल्या लहरी वागणुकीला शरीर समर्थ नाहीं, ती मनाचीच असली पाहिजे, असें शहाण्या लोकांना वाटलें. शरीराच्या लहरींची त्यांना कल्पना नव्हती.

नीट पाहणारा डोळा पुष्कळदां आईचा असतो, कारण संध्याकाळ तिच्या वांट्याला येते. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत १९९६ सालीं जन्मलेल्या एका जुळ्या भावंडांना सेरेब्रल पाल्सी असल्याचें त्यांच्या वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सांगण्यांत आलें. मुलीचा त्रास दिवसाच्या ओघांत वाढतो, ही गोष्ट त्या निदानाशीं जुळत नव्हती आणि आईच्या मनांतून जात नव्हती. पुढें तिच्या हातीं जुन्या वर्तमानपत्रांतला एक लेख पडला. त्यांत अशाच संध्याकाळीं बिघडणाऱ्या एका मुलीची हकीकत होती. त्या धाग्यानें ती योग्य वैद्यापर्यंत पोहोंचली, लेव्होडोपा सुरू झालें आणि गुण आला. त्यांचें जनुक सेगावाच्या रोगाहून निराळें, पण कुळी तीच, हें त्या मुलांचा संपूर्ण जनुकपाठ वाचल्यावर २०११ सालीं प्रसिद्ध झालें. येथें बाकीच्या सर्वांजवळ आईपेक्षां विद्या अधिक होती. तिच्याजवळ निरीक्षण होतें, आणि निदानाशीं जुळत नाहीं म्हणून तें टाकून देण्याचें तिनें नाकारलें.

विल्यम क्लिफर्ड ह्या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. पुराव्यावांचून विश्वास ठेवणें हें नुसतें अशास्त्रीयच नव्हे तर अनीतीचें आहे, असा त्याचा दावा. आपलें जुनें जहाज धड आहे अशी मनाची समजूत घालून तें समुद्रावर सोडणारा मालक, जहाज सुखरूप पोहोंचलें तरीहि, दोषीच ठरतो, असें तो म्हणतो. घरोघरचे न्यायाधीश हा निबंध न वाचतांहि त्याचा आधार घेतात: पुरावा नाहीं, म्हणून आम्ही मुलावर विश्वास ठेवीत नाहीं. परंतु येथें एक गफलत होते. 'मुलगी सांगते तें खरें कीं काय हें मला ठाऊक नाहीं' हा विश्वासाचा अभाव झाला. 'मुलगी सोंग करते' हा विश्वासाचा अभाव नव्हे. हा दुसरा, चांगला धडधाकट विश्वास आहे, आणि त्यालाहि पुरावा लागतो. सोंगाचा हेतु कोणता, त्यांत लाभ कोणता, तें कोणापासून शिकली, ह्यांपैकीं एकाचीहि चौकशी न करतां आपण तो बाळगतों. क्लिफर्डचा जहाजमालक खरोखर कोण, हें आतां सांगावयास नको. जहाज त्याचें असतें आणि बुडतात ते उतारू, हीहि गोष्ट तशीच लागू पडते.

ह्यावर जाणते वाचक म्हणतील, कीं मुलें सोंगें करतातच. करतात खरीं, परीक्षेच्या दिवशीं पोट दुखण्याचा रोग सर्व देशांत आहे. प्रत्येक कुरबुरीला तज्ज्ञाच्या दारांत धांवलें तर धट्टेंकट्टें मूल रोगट मनाचें होईल, ही भीतीहि निराधार नाहीं, आणि महिन्याच्या मिळकतींत चार तोंडें भागविणाऱ्या गृहस्थाला ती परवडणारीहि नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं सोंग आणि रोग ह्यांतला फरक पाहिल्यानें कळतो, रागावल्यानें कळत नाहीं. सोंगाला निवड असते. तें नावडत्या कामाच्या वेळीं येतें आणि जत्रेच्या वेळीं जातें. रोग निवड करीत नाहीं. ज्या मुलीचा पाय अभ्यासाच्या वेळीं ताठतो तिचा तो वाढदिवसाच्या संध्याकाळींहि ताठतो. मैत्रिणी लंगडी खेळत असतां ती ओट्यावर बसून राहते, आणि दुपारीं तासभर झोंप काढली, कीं तिची संध्याकाळ थोडी सुधारते. चपलेचा एकच तळ पुढच्या बाजूनें झिजतो; चप्पल कोणाच्या लाडानें झिजत नाहीं. चार संध्याकाळीं लक्ष देऊन ह्या गोष्टी टिपून ठेवणें हें गरिबालाहि परवडतें.

मुलाच्या साक्षीला आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. वात्स्यायनानें आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा पुरुष, कोणाला म्हणावें हें सांगतांना मोठें औदार्य दाखविलें आहे: वस्तु स्वतः जाणणारा आणि जाणली तशी सांगूं इच्छिणारा तो आप्त, मग तो ऋषि असो, आर्य असो कीं म्लेच्छ असो. ह्या यादींत मूल नाहीं. पण स्वतःच्या पायाविषयीं वस्तु जाणणारें त्याच्याखेरीज दुसरें कोण आहे? त्याच्याजवळ नसतात ते शब्द. 'दुखतो' हा एकच शब्द त्याला येतो, आणि खरें म्हणजे पाय दुखत नसतो. तो ऐकत नसतो. कोठें दुखतें म्हणून विचारलें, कीं मूल घोटाळतें, आज गुडघा दाखवितें, उद्यां टांच; आणि ह्या घोटाळ्याचीच पुन्हां त्याच्याविरुद्ध साक्ष काढली जाते. वारंवार असें झालें म्हणजे मूल सांगणेंच सोडून देतें. त्याहून वाईट म्हणजे, मोठी माणसें म्हणतात त्या अर्थीं आपण आळशीच असूं, असें त्याला स्वतःला वाटूं लागतें. पायावरचा उपाय पुढें सांपडतो. स्वतःच्या अनुभवावरचा गेलेला विश्वास कोणत्या गोळीनें परत येतो, तें कोणा वैद्यानें सांगितलेलें नाहीं.

हा रोग मुलांपेक्षां मुलींत अधिक आढळतो, आणि आमच्या समाजांत सोंगाचा आरोपहि मुलींवरच अधिक लवकर होतो. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. शिवाय रोग आनुवंशिक. दोष बापाकडून किंवा आईकडून येतो, पण ज्याच्या अंगीं तो असतो त्या प्रत्येकांत तो प्रकट होतोच असें नाहीं. एखाद्या आजोबांचा उतारवयांत हात कांपतो, एखाद्या मावशीची लिहितांना बोटें आंखडतात, आणि इतक्यावरच त्यांचें भागतें. डॉक्टर जेव्हां "घराण्यांत कोणाला असें कांहीं होतें काय?" म्हणून विचारतात, तेव्हां हीच माहिती मोलाची असते; आणि तीच आपण दडवितों. नणंदेचें लग्न ठरावयाचें आहे, घराण्याला बट्टा लागेल, एवढ्या कारणास्तव "छे, आमच्याकडे कोणालाच नाहीं" असें छातीठोक उत्तर दिलें जातें. मुलगी सोंगाडी आहे हें म्हणणें ह्या मंडळींना सोयीचें पडतें तें ह्यामुळेंहि. सोंग तिचें एकटीचें असतें. रोग सगळ्या घराचा असतो. ह्या खटल्यांत खोटी साक्ष कोणी दिलीच असेल तर ती मुलीनें दिलेली नाहीं.

आज प्रत्येकाच्या खिशांत चलच्चित्र टिपणारा दूरध्वनि आहे. संध्याकाळीं सात वाजतां मुलगी जिना कशी चढते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां तोच जिना कशी चढते, ह्याचीं दोन चित्रें वेळेच्या नोंदीसह घेऊन गेलें तर सकाळीं दहाच्या डॉक्टरांपुढें संध्याकाळ उभी करतां येते. कारण न कळलेला डिस्टोनिया असलेल्या मुलाला लेव्होडोपा थोड्या मात्रेंत कांहीं आठवडे देऊन पाहावें, हा आतां मज्जारोगतज्ज्ञांचा रुळलेला नियम आहे. जनुकाची तपासणीहि होऊं शकते. चित्रें घेतांना मुलीला "नीट चाल" म्हणूं नये. ती जशी चालते तशीच तिला चालूं द्यावें.